अथेन्सहून फेरीने मिकोनोस-नॅक्सोस-सँटोरिनी-क्रीट, ९ दिवसांत जमेल का?

भटकंती_चालू
सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ग्रीसला जातोय. मी, नवरा आणि सासूबाई-सासरे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पायऱ्या फार जमत नाहीत. अथेन्स २ दिवस, मग मिकोनोस, नॅक्सोस, सँटोरिनी, क्रीट असं ठरवलंय, शेवटी क्रीटहून रात्रीच्या फेरीने अथेन्सला येऊन त्याच दिवशी सकाळी ११ चं परतीचं विमान. फास्ट फेरी घ्यावी की मोठी? आणि बेटांवर गाडी लागतेच का?

निळंपाणी
ताई, आधी ते शेवटचं बदला. फेरीतून उतरून त्याच सकाळी विमान ठेवू नका, प्लीज. एजियन समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्टेमी वारा सुटतो, जोर जुलै-ऑगस्टमध्ये जास्त पण सप्टेंबरमध्येही येतो, आणि वारा फार वाढला की बोटींना बंदरातून सुटूच देत नाहीत. आमचं नॅक्सोसला असंच झालं, आकाश निळंशार, ऊन कडक, आणि बोट बंद! तिकिटाचे पैसे परत मिळाले पण दुसऱ्या दिवशीचं विमान गेलं ते गेलंच. शेवटची रात्र अथेन्सलाच काढा.

दुसरं, चार बेटं खूप होतात. कागदावर बोटीचा प्रवास दोन तासांचा दिसतो, पण रूम सोडा, बंदरावर लवकर जाऊन थांबा, बोटीला उशीर, पुढच्या हॉटेलला पोचा, यात अर्धा दिवस जातोच. नॅक्सोस आणि सँटोरिनी एवढंच करा. क्रीट जवळपास २६० किमी लांब आहे, त्याला वेगळा आठवडा द्या.

सीटनंबर_बारा
वरच्यांशी सहमत. फास्ट की मोठी, तर वयस्कर माणसं असतील तर मोठीच. पिरेयसहून, म्हणजे अथेन्सच्या बंदरातून, सँटोरिनीला मोठी बोट ८ तासांच्या आसपास घेते, फास्ट ५ च्या, पण छोट्या फास्ट बोटीत (कॅटामरान) खिडक्या बंद, बाहेर डेकवर जाता येत नाही आणि लाटा असल्या की पोट ढवळतं. माझ्या आईला खूप त्रास झाला होता. मोठ्या बोटीत मधल्या भागात बसा, तिथे हेलकावे कमी लागतात, आणि उलटीची गोळी बोट सुटण्याआधीच घ्या.

एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती म्हणजे उतरतानाची. बेट यायच्या आधीच सगळे खाली गाड्यांच्या डेकवर जाऊन उभे राहतात, अंधार, डिझेलचा वास, साखळ्यांचा खडखडाट, आणि मग समोरचा रॅम्प हळूहळू खाली जातो नि एकदम डोळे दिपवणारा उजेड आत येतो. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा कारण तिथे गर्दीत घाई होते, बोट थोडीच मिनिटं थांबते. बॅगा ठेवताना बेटाचं नाव लिहिलेला रॅक बघून ठेवायच्या.

भटकंती_चालू
बापरे, बरं झालं विचारलं. क्रीट आणि मिकोनोस काढते. पण सँटोरिनीत त्या पायऱ्या?

निळंपाणी
त्या जुन्या बंदराच्या, जवळपास ६०० आहेत, तिथे क्रूझवाल्यांना छोट्या बोटीतून आणतात आणि वर जायला केबल कार आहे. तुमची फेरी अथिनिओस बंदराला लागते, तिथून कड्यावर वळणावळणाचा रस्ता. बोटीच्या वेळेला बस उभी असते, ती फिरा गावात नेते. तिथल्या बसेस बहुतेक फिरामार्गेच जातात, म्हणून ईया या दुसऱ्या गावात राहिलात तर प्रत्येक वेळी बदलावी लागते. सासूबाईंसाठी फिरा बस स्टँडच्या जवळ, पण कड्याच्या उतारावर नसलेलं हॉटेल बघा, उतारावरच्या रूमला खूप पायऱ्या असतात, बुकिंगआधी मेल करून विचारा.

पानाफुलांचा
नॅक्सोसला गाडी लागत नाही हो. बोटीतून उतरलं की बस तिथेच मिळते, आगिओस प्रोकोपिओस आणि आगिया आना बीचला सहज जाता येतं, आणि पोर्तारा म्हणजे ते अपोलोच्या मंदिराचं संगमरवरी दार बंदरावरून चालत गाठता येतं, संध्याकाळी जा. डोंगरातली गावं बघायची असतील तर एक दिवस गाडी घ्या, पण इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट घरूनच काढून न्या. नाहीतर गाडी मिळाली तरी अपघात झाल्यावर इन्शुरन्सवाले हात वर करतील. आणि अथेन्स विमानतळाहून पिरेयसला मेट्रो थेट जाते, २०२२ पासून, तासभर लागतो. बंदर मात्र प्रचंड आहे, कुठलं गेट ते तिकिटावर आधीच बघा, ई१ ते ई१२ आहेत आणि चुकलात तर सामान घेऊन बरंच चालावं लागेल.

भटकंती_चालू
अथेन्स २, नॅक्सोस ३, सँटोरिनी ३, शेवटची रात्र पुन्हा अथेन्स. दोन्हीकडे मोठी बोट. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या रॅम्प उघडताना पुढे उभं करा मला.