कन्सॉलिडेटेड ताळेबंदात ५ चा फरक, नफ्यात १६ चा

नवी_खतावणी
होल्डिंग कंपनीने वर्षाच्या पहिल्याच दिवशी उपकंपनीचे ८० टक्के शेअर्स ५०० ला घेतले (सगळे आकडे हजारांत). त्या दिवशी उपकंपनीचं भागभांडवल ३००, राखीव नफा १५०. यंत्रांचं रास्त मूल्य पुस्तकी किमतीपेक्षा ५० ने जास्त, उरलेलं आयुष्य १० वर्षं. वर्षभरात उपकंपनीचा नफा ६०, लाभांश वाटला २०. तिने होल्डिंगला १२० चा माल विकला, मूळ खर्चावर २५ टक्के नफा चढवून. त्यातला ४० चा माल वर्षअखेर होल्डिंगच्या साठ्यात आहे. उपकंपनीच्या वहीत होल्डिंगकडून येणं ३०, होल्डिंगच्या वहीत देणं २५.

दोन्ही कंपन्यांचा मिळून एकच (कन्सॉलिडेटेड) ताळेबंद करायचाय. मी गुडविल (निव्वळ मालमत्तेतल्या वाट्यापेक्षा जास्त मोजलेली किंमत) १४० काढलं (५०० वजा ४५० चे ८० टक्के). अल्पमत हिस्सा (बाहेरच्या २० टक्के भागधारकांचा) ९८ (अखेरच्या निव्वळ मालमत्तेच्या, म्हणजे ४९० चे २० टक्के). साठ्यातल्या ४० वरचा अजून न कमावलेला नफा १० धरून होल्डिंगच्या राखीव नफ्यातून वजा केला. आपसातलं येणं-देणं उडवलं. मालमत्तेची बाजू ५ ने कमी पडतेय. शिवाय नफा-तोटा पत्रकातला होल्डिंगच्या भागधारकांचा नफा हा ताळेबंदातल्या राखीव नफ्याच्या वाढीपेक्षा १६ ने जास्त येतो. कुठे चुकतंय?

उलटी_नोंद
५ तर समोरच आहेत. एकीकडून ३० उडवले, दुसरीकडून २५. होल्डिंगने पाठवलेले ५ उपकंपनीला वर्ष संपल्यावर पोचले असतील, तर येणं २५ वर आणा, ५ वाटेतली रोकड म्हणून दाखवा आणि मग २५ समोरासमोर उडवा. पण आधी होल्डिंगचं बँक स्टेटमेंट बघा. पैसे गेलेच नसतील आणि माल परत केल्याची क्रेडिट नोट उपकंपनीत चढवायची राहिली असेल, तर ती रोकड नव्हे. मग विक्रीचा आकडाच बदलेल.

१६ म्हणजे लाभांशाचे ८० टक्के. होल्डिंगच्या इतर उत्पन्नात ते तसेच राहिलेत. उपकंपनीचा ६० नफा आत घेतल्यावर त्यातूनच वाटलेला लाभांश पुन्हा उत्पन्नात धरता येत नाही.

आता खरी अडचण. ५ ही तुमच्या कामातली सगळ्यात किरकोळ चूक आहे. बाकीच्या चुका दोन्ही बाजूंना सारख्या बसल्यात, म्हणून ताळेबंदाने त्यांबद्दल ब्रही काढला नाही.

गुडविल काढताना पुस्तकी ४५० नाही, रास्त मूल्याचे ५०० घ्यायचे. दिलेली किंमत ५०० अधिक अल्पमत हिस्सा १०० वजा निव्वळ मालमत्ता ५००, म्हणजे गुडविल १००. तुमच्या १४० मधले ४० म्हणजे यंत्रांच्या वाढीव मूल्यातला होल्डिंगचा वाटा. तो गुडविलमध्ये पडून राहिला, तर त्यावर घसारा कधीच लागत नाही, कारण आयएफआरएसमध्ये (आंतरराष्ट्रीय हिशेब मानकांत) गुडविलवर घसारा नसतो. यंत्रांत ५० वाढवा आणि दरवर्षी ५ जादा घसारा धरा.

साठ्यातला नफा १० नाही, ८. चढ मूळ खर्चावर आहे, म्हणून ४० गुणिले २५ भागिले १२५. ही चूक फार जण करतात. आणि तो कोणाच्या वाट्यातून जाईल, हे माल कोणी विकला त्यावर ठरतं. इथे विकणारी उपकंपनी, म्हणून ८ मधले १.६ अल्पमताचे. होल्डिंगने विकला असता तर सगळे ८ होल्डिंगचेच.

विक्री आणि खरेदी दोन्हींतून पूर्ण १२० काढा, फक्त शिल्लक ४० नव्हे. मग विकलेल्या मालाच्या खर्चात ८ वाढवा.

उलटी_नोंद
पडताळ्यासाठी आकडे: उपकंपनीचा समायोजित नफा ६० – ५ – ८ = ४७, अल्पमताचा वाटा ९.४. अखेरचा अल्पमत हिस्सा १०० + ९.४ – लाभांश ४ = १०५.४. दुसऱ्या वाटेने: (४९० + यंत्रांच्या वाढीव मूल्यातले उरलेले ४५ – ८) चे २० टक्के, तेही १०५.४. होल्डिंगच्या स्वतःच्या राखीव नफ्यात मिळवायचे २१.६ (४७ – लाभांश २० = २७ चे ८० टक्के). हे दोन्ही आकडे दोन वाटांनी जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

घसारा_वजा_जाता
वरचं सगळं कर सोडून आहे. कराचा दर २५ टक्के धरला, तर यंत्रांच्या ५० वर १२.५ डिफर्ड टॅक्सचं (पुढच्या वर्षांवर पडणाऱ्या कराचं) देणं येतं, निव्वळ मालमत्ता ४८७.५ होते, अल्पमत ९७.५ आणि गुडविल ११०. साठ्यातल्या ८ वर २ ची डिफर्ड टॅक्स मालमत्ता येते. तिथे दर विकत घेणाऱ्या कंपनीचा लावायचा, कारण माल आता तिच्या वहीत आहे. दोन्ही कंपन्यांचे दर वेगळे असले की इथे हमखास घसरायला होतं.

अल्पमत हिस्सा रास्त मूल्यानेही मोजता येतो, निवड प्रत्येक अधिग्रहणापुरती. वरची प्रमाणशीर पद्धत (निव्वळ मालमत्तेचे २० टक्के) घेतली, तर इम्पेअरमेंट (गुडविलचं मूल्य घसरलंय का) तपासताना १०० चं गुडविल ०.८ ने भागून १२५ करावं लागतं, नाहीतर तुलना अर्धवट राहते.

नवी_खतावणी
दुरुस्त केलं, जुळलं. १०५.४ आणि २१.६ मिळून १२७ येतात. या नोंदी पुढच्या वर्षी आपोआप पुढे येतील का?

उलटी_नोंद
नाही. त्या कुठल्याच कंपनीच्या खतावणीत नसतात, फक्त तुमच्या वर्कशीटमध्ये असतात. पुढच्या वर्षी कोऱ्या पाटीवर पुन्हा घाला: गुंतवणूक विरुद्ध भांडवल, गुडविल, यंत्रांचे ५०. मागच्या घसाऱ्याचे ५ सुरुवातीच्या राखीव नफ्यातून (४ होल्डिंग, १ अल्पमत), नवे ५ चालू नफ्यातून. साठ्याचे ८ सुरुवातीच्या राखीव नफ्यातून काढा (६.४ आणि १.६), आणि तो माल बाहेर विकला गेला असेल तर पुढच्या वर्षाच्या विकलेल्या मालाच्या खर्चातून ८ कमी करा. ही उलट नोंद राहून गेली, तर ग्रुपचा सुरुवातीचा राखीव नफा मागच्या वर्षीच्या अखेरच्या आकड्याशी जुळणार नाही. तपासायला सुरुवात तिथूनच करा.