मदत हवी आहे: वस्तीतल्या बायकांसाठी आहार-व्यायामाच्या बैठका कशा घ्याव्यात?

मंडळी, नमस्कार.

पुण्यात पर्वतीच्या उतारावरच्या एका वस्तीत आम्ही काही मैत्रिणी दर गुरुवारी दुपारी बायकांशी आहार आणि व्यायामाबद्दल गप्पा मारतो. वर्ग म्हटलं की कोणी फिरकत नाही, म्हणून गप्पाच. जागा म्हणजे देवळाचा सभामंडप. वेळ अडीच ते साडेतीन. त्याआधी धुणीभांडी आटपत नाहीत आणि चारनंतर संध्याकाळच्या पोळ्यांची कामं सुरू होतात. मी निवृत्त शिक्षिका, आहारतज्ज्ञ नाही. एक मैत्रीण फिजिओथेरपिस्ट आहे, तेवढाच आधार.

पहिली अडचण तक्त्यांची. एका ओळखीतून आलेल्या तक्त्यात न्याहारीला ओट्स आणि जेवणात ब्रोकोली होती, तो गुंडाळून ठेवला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2024ची मार्गदर्शक सूत्रं चांगली वाटली. मोठ्या माणसाला दिवसाला 400 ग्रॅम भाज्या, 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं, 100 ग्रॅम फळं वगैरे. मी ते वाचून दाखवलं तर एक बाई शांतपणे म्हणाल्या, "बाई, चारशे ग्रॅम भाजी आमच्यात पाच माणसांत होती." पुढे काय बोलणार?

धान्याची अडचण फारशी नाही. बहुतेकांची कार्डं प्राधान्य गटातली, म्हणजे माणशी महिना 5 किलो धान्य फुकट मिळतं. गाडी अडते ती डाळ, भाजी, अंडी, दूध यांवर. तेल रोज संध्याकाळी दुकानातून सुटं येतं, चहापत्ती-साखरसुद्धा पुडीतूनच. सकाळी चहा-खारी, दुपारी भात आणि पातळ आमटी, रात्री बटाट्याचा रस्सा. घरातली बाई शेवटी जेवते, तेव्हा पातेल्यात रस्सा उरलेला असतो, बटाटा नसतो. मुलं शाळेतून येतात तेव्हा आई कामावर, म्हणून पाच रुपये हातावर ठेवलेले. त्याची कुरकुरीत पुडी येते. नुसतं "पुडी वाईट" म्हणून उपयोग नाही हे कळतं, पण त्या जागी काय?

दुसरी अडचण व्यायामाची. "पाच घरची फरशी पुसून आले, आता कसला व्यायाम?" हे दर वेळी ऐकते, आणि मला त्यांचं म्हणणं चुकीचं वाटत नाही. मैत्रीण म्हणते की कंबर आणि गुडघे त्याच कामाने गेलेत, त्यामुळे काहीतरी करायलाच हवं. शिवाय वयात आलेल्या मुलींचं खेळणं बंद होतं. मैदान नाही, टेकडीवर एकटीला पाठवत नाहीत.

तर कोणी असं काम केलंय का? कुठून सुरुवात करावी? फुकटचे सल्ले चालतील, फक्त क्विनोआ सुचवू नका.

---

पाटावरवंटा: बरीच वर्षं अंगणवाड्यांवर पर्यवेक्षिका होते, म्हणून लिहिते. आधी तिथल्या अंगणवाडीच्या ताईंना गाठा. एकात्मिक बाल विकास योजना 1975 साली सुरू झाली तेव्हापासून बायकांना आहार-आरोग्याचं शिक्षण देणं हा तिच्या सहा सेवांपैकी एक आहे. तुम्ही वेगळी चूल मांडू नका. ताईंना कोणत्या घरात तीन वर्षांखालचं मूल आहे, कोणाचं वजन घसरलंय, कोण गरोदर आहे हे तोंडपाठ असतं. घरी नेण्याचा शिधा कोणाला मिळायला हवा आणि मिळत नाही, हेही तिथेच कळेल.

दुसरं, तक्ता बाजूला ठेवा आणि तेल मोजा. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर लागत असेल तर माणशी दिवसाला 30 ग्रॅमच्या आसपास झालं, त्यात पोरंही आली. त्याच सूत्रांत मोठ्या माणसाला 27 ग्रॅम सांगितलंय. सुटं तेल रोज आणणाऱ्या बाईला महिन्याचा आकडा कधी दिसतच नाही. आठवडाभर रोजचं तेल मापाने मोजून भिंतीवर लिहायला सांगा. एक लिटर वाचलं तर त्या पैशांत आजच्या भावाने वीसेक अंडी येतात. हा हिशेब सगळ्यांना पटतो, सासूलासुद्धा.

पुडीच्या जागी भाजलेले फुटाणे-शेंगदाणे, मुलाच्या हाताला लागेल अशा डब्यात. पण अगदी लहान, चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. कूट करून गुळात मळून द्या.

शंकासुर_पुणेकर: स्पष्ट बोलतो, राग नसावा. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांना पोषण शिकवायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. त्यापेक्षा त्याच पैशांची डाळ वाटा.

धागाकर्ती: शंकासुर, निम्मं मान्य. पण आमच्याकडे वाटायला पैसे नाहीतच, दुपारचा एक तास आहे. आणि जे पैसे त्यांच्या हातात आहेत त्यातले पाच रुपये रोज पुडीवर जातात, हेही खरंच आहे ना?

काळा_चहा: एकच मुद्दा. लोहाच्या गोळ्या वाटल्या जातात आणि बायका त्या चहाबरोबर घेतात. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा झाला की अन्नातलं लोहही नीट शोषलं जात नाही. तासाभराचं अंतर ठेवायला सांगा, आणि पालेभाजीवर लिंबू पिळायला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला. तुमच्या सभामंडपातही तसंच असणार. चहा सोडा म्हणू नका हां, दुसऱ्या गुरुवारी कोणी येणार नाही.

सातासमुद्रापलीकडे: अमेरिकेत राहते. इथे गरीब कुटुंबांसाठी 1969 पासून विद्यापीठांच्या विस्तार सेवेमार्फत असा एक कार्यक्रम चालतो. त्यातली घेण्यासारखी गोष्ट म्हणजे शिकवणाऱ्या बहुतेक त्याच वस्तीतल्या, त्याच परिस्थितीतून आलेल्या बाया असतात. त्यांना प्रशिक्षण आणि पगार देतात. सुरुवातीला आणि शेवटी "काल दिवसभरात काय काय खाल्लं" हे विचारून लिहून घेतात, म्हणजे फरक पडला की नाही ते कळतं. बहुतेक धड्यांत काहीतरी शिजवून, चाखून बघतात. याच प्रकारच्या दुसऱ्या मोठ्या कार्यक्रमाचा सरकारी निधी 2025 मध्ये बंद झाला, त्यामुळे इथे सगळं सुरळीत आहे असं समजू नका. तुमच्याकडे येणाऱ्या बायकांपैकी दोघी बोलक्या निवडा आणि पुढच्या बैठका त्यांनाच घेऊ द्या.

फुगडी_जोरात: व्यायामाचं मी सांगते, मंगळागौरीचे खेळ घेणाऱ्या गटात आहे. "व्यायाम" शब्दच काढू नका. फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा, आगोटापागोटा. पंधरा मिनिटांत दम लागतो की नाही बघा! मुलींना आया पाठवतात, कारण आयाही तिथेच असतात. जागा सभामंडपाएवढी पुरते. लंगडीचं रिंगणही मावतं.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम हालचाल सांगते आणि त्यात कामावरची हालचालही धरते. म्हणून त्या बायका म्हणतात ते बरोबरच आहे, दमछाक त्यांची भरपूर होते. राहतं ते वाकून-वाकून आखडलेल्या पाठीचं आणि मांड्यांच्या ताकदीचं काम. तुमच्या मैत्रिणीला सांगा, फरशी पुसताना बसायचं कसं, बादली उचलताना गुडघ्यातून वाकायचं कसं, ओले कपडे पिळताना मनगट कसं ठेवायचं, एवढंच शिकवा. उद्या कामावर लगेच उपयोगी पडेल.

मात्र कोंबड्याचा खेळ गुडघे दुखणाऱ्यांना देऊ नका. त्यांना टाळ्या वाजवायला आणि गाणी म्हणायला बसवा, आवाज त्यांचेच मोठे असतात.

पाटावरवंटा: फुगडी +1. आणि भाजीचं राहिलं. मंडईत रात्री आठनंतर पालेभाजीच्या जुड्या पडेल भावाने मिळतात, कामावरून येता येता दोघी-तिघींनी मिळून वाटून घ्यायच्या. मुळ्याचा पाला, फ्लॉवरची कोवळी पानं दुकानदार तशीही फेकतात. पीठ पेरून परतली की पोरं खातात.

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. अंगणवाडीच्या ताईंना आज फोन केला, त्या येत्या गुरुवारी येतायत आणि वजनकाटाही आणणार आहेत. तेलाचं माप म्हणून औषधाच्या बाटलीबरोबर येणारी टोपणं गोळा करतेय. फुगडी_जोरात, तुमच्या गटातलं कोणी पुण्यात आहे का? एक दुपार सभामंडपात याल का? प्रवासखर्च देऊ, चहा मात्र जेवणानंतर तासाभराने.