‘म्यूकोॲडहेसिव्ह बक्कल फिल्म’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : औषधनिर्माणशास्त्राच्या एका प्रबंधाचा मराठी सारांश लिहिताना मी या संज्ञेपाशी अडलो आहे. भेंडीच्या बुळबुळीत रसात औषध आणि थोडे ग्लिसरीन मिसळून, बशीत पातळ ओतून वाळवलेली ही पट्टी गालाच्या आतून चिकटते आणि तिच्यातले औषध यकृताची पहिली चाळणी टाळून थेट रक्तात उतरते. ‘श्लेष्म-आसंजक कपोल-पटल’ असे रूप एकांनी सुचवले, पण ते माझ्याच्याने वाचवत नाही.

उत्तर : ‘श्लेष्मा’ हा शब्दच मुळी ‘श्लिष्’ म्हणजे बिलगणे या धातूपासून आलेला आहे, त्यामुळे ‘श्लेष्म-आसंजक’मध्ये चिकटणे दोनदा येते. ‘कपोल’ म्हटले की मराठी वाचकाला ‘कल्पित’च आठवते, तेही सोडावे. (पट्ट्याचे ‘बक्कल’ मात्र मूळ संज्ञेतल्या इंग्रजी ‘बक्कल’च्याच घराण्यातले आहे, गालाला लॅटिनमध्ये ‘बुक्का’ म्हणत आणि शिरस्त्राणाच्या गालाजवळच्या पट्टीवरून तो शब्द पुढे आला.) नुसते ‘चिकट’ही पुरत नाही, कारण चिकट वस्तू बोटांना आणि सुरीलाही सोडत नाही, तर ही पट्टी हाताला कोरडी लागते, गालाच्या ओल्या अस्तराला टेकल्यावरच ती पाणी शोषून फुगते, तिच्यातील बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) लांब रेणूसाखळ्या श्लेष्म्यातील, म्हणजे अस्तरावरच्या बुळबुळीत स्रावातील, म्यूसिन या प्रथिनात गुंततात आणि ती जागा धरून बसते. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘गालाच्या आतील ओलसर अस्तराला धरून राहणारी औषधी पट्टी’ असे सविस्तर लिहावे आणि पुढे ‘गालपट्टी’ म्हणावे.

दुसरे मत : ‘गालपट्टी’ वाचून जखमेवर बाहेरून लावायची पट्टी डोळ्यांसमोर येते, ‘अंतर्गालपट्टी’ थोडे जड असले तरी नेमके आहे. ‘पापुद्रा’ हा पर्यायही मी तपासला, पण भाकरीचा पापुद्रा सुटतो आणि पटकन फाटतो, तर अशा पट्टीची चिवटाई पाहण्यासाठी ती एकाच रेषेवर तुटेपर्यंत दुमडतात आणि 300 घड्या सोसल्या तर ती चांगली मानतात.

पुन्हा उत्तर : ‘अंतर्गालपट्टी’ मान्य आहे. सारांशात ‘वनस्पतिजन्य बहुवारिक’ असे जिथे येईल तिथे मात्र सरसकट ‘डिंक’ लिहू नये. डिंक म्हणजे धावड्यासारख्या झाडाच्या खोडातून पाझरून वाळलेला. भेंडीला सुटते ती तार, आणि चिंचोक्याच्या पुडीची होते ती खळ, जी घोंगडीला लावतात. प्रबंधात भेंडीच वापरली असेल, तर ‘भेंडीचा बुळबुळीत रस’ एवढेच लिहावे.