शब्दचर्चा : ‘लाटके’ लाटतात का?

अनुवादिका : पूर्व युरोपातून अमेरिकेत गेलेल्या ज्यू कुटुंबांच्या घरगुती पाककृती मी सध्या मराठीत आणते आहे. त्यांत हनुक्का या सणाला होणारे बटाट्याचे ‘लाटके’ आहे. किलोभर बटाटे आणि एक मोठा कांदा किसून तो कीस फडक्यात घट्ट पिळायचा, त्यात दोन अंडी, मीठ आणि मात्झाचा, म्हणजे बेखमीर भाकरीचा, मूठभर चुरा मिसळायचा आणि चमच्याने तेलात सोडून, किंचित दाबून, दोन्ही बाजूंनी तांबूस तळायचे, अशी ती कृती आहे. यिडिश, म्हणजे या ज्यूंच्या बोलीतला, उच्चार ‘लाटके’ असल्यामुळे मी तो तसाच ठेवला. कच्चा मजकूर वाचून सासूबाईंनी मला विचारले, “अगं, लाटायचं कधी ते लिहायला विसरलीस का?” संपादकांनाही हीच शंका आली आणि त्यांनी ‘बटाट्याची थालीपिठे’ असा बदल सुचवला. मला तो पटत नाही. आपण काय म्हणाल?

जुनी किसणी : थालीपीठ नको, हे आपले म्हणणे बरोबर आहे. थालीपीठ थापतात, पोळी लाटतात, घावन आणि धिरडे ओततात. पिळलेला कीस यांपैकी कशालाच दाद देत नाही. ‘बटाट्याचा कीस’ म्हणावे, तर लोकांना उपासाचा, दाण्याचे कूट घातलेला कीस आठवणार. टिक्की आणि कटलेट यांत बटाटा आधी उकडलेला असतो, आणि लाटक्याचा सारा जीव तो कच्चा किसण्यात आहे.

तर्कट : सासूबाईंचे चुकले असे आपण इतक्या घाईने का ठरवता? ‘लाटके’ आणि ‘लाटणे’ यांचे मूळ एकच असू शकेल. चपटे करणे ही कल्पना दोन्हींत आहेच.

शब्दवेल्हाळ : तर्कटराव, ध्वनिसाम्यावर संसार थाटू नये. यिडिशमधला हा शब्द ‘ओलाद्का’ या पूर्व स्लाव्ह शब्दावरून आला. रशियात आजही जाडसर घावनासारख्या पदार्थाला ‘ओलाद्या’ म्हणतात. त्याच्या मागे ग्रीक ‘एलादिओन’ आहे, म्हणजे ‘थोडेसे तेल’, आणि त्याच्याही मागे ऑलिव्हचे झाड. आपले ‘तेल’ तिळातून निघाले आणि तरीही आपण बिनदिक्कत शेंगदाण्याचे तेल म्हणतो, तसाच हा प्रकार झाला. सांगायचे एवढेच, की या नावात ना बटाटा आहे, ना लाटणे; आहे ते फक्त तेल.

तर्कट : मग हिब्रू नावाचे काय करणार? इस्राएलमध्ये याच पदार्थाला ‘लेविवोत’ म्हणतात. तो शब्द बायबलात शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या 13व्या अध्यायात येतो आणि तिथे तामार अम्नोनासाठी कणीक मळून लेविवोत करते. कणीक मळली म्हटल्यावर पुढची पायरी कोणती, हे मी सांगायला नको.

शब्दवेल्हाळ : कणीक मळून शेंगोळेही करतात.

शुद्धमती : परक्या शब्दाची एवढी वंशावळ काढण्यापेक्षा सरळ ‘कीसवडी’ म्हणावे आणि ‘तळणे’ऐवजी ‘तव्यावर भाजणे’ लिहावे. शब्द मराठी राहील आणि तेलही वाचेल.

जुनी किसणी : शुद्धमतीताई, ‘बटाटा’ हाच पोर्तुगिजांचा शब्द आहे, तो काढून टाकल्यावर कीस कशाचा करणार? आणि वडी म्हटले की ती वाफवलेली, थापलेली, सुरीने कापलेली असते. लाटक्याच्या कडेने किसाच्या काड्या बाहेर आलेल्या असतात आणि त्याच आधी कुरकुरीत होतात. खुसखुशीत नव्हे, कुरकुरीत. खुसखुशीत करंजी असते.

अनुवादिका : ‘भाजणे’ मात्र मला मुळीच चालणार नाही. इ. स. पू. 164 मध्ये मक्काबींनी, म्हणजे परक्या राजाविरुद्ध उठलेल्या ज्यू बंडखोरांनी, यरुशलेमचे मंदिर पुन्हा शुद्ध केले तेव्हा एका दिवसापुरते तेल आठ दिवस पुरले, या कथेवर हा सण उभा आहे. म्हणून त्या दिवसांत तळणीला मान. बटाटा तिथे खूपच उशिरा आला. पूर्व युरोपात तो सर्वसामान्यांच्या चुलीवर रुळला एकोणिसाव्या शतकात. त्याआधी चीज घालून किंवा बकव्हीटच्या, म्हणजे कुट्टूच्या, पिठाचे असे पदार्थ होत. बटाटा बदलला तर चालेल, तेल काढले तर सणच गेला. माझी खरी अडचण अशी, की यात तेल अर्धा पेर असते. ते कढईतले तळणे नाही आणि कडेने तेल सोडणेही नाही. या मधल्या क्रियेला आपल्याकडे शब्द आहे का?

अलिबागकर : तेलाचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या रायगड जिल्ह्यातले बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. घरी मराठी बोलणारे हे लोक ज्यूच. पण बटाट्याचे लाटके त्यांच्या कोकणी स्वयंपाकातले नव्हे, ते अश्केनाझींचे, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंचे. मराठी ज्यूंच्या घरात यासाठी तयार शब्द सापडेल अशी आशा कोणी धरली असेल, तर ती सोडावी. तिथे पोह्यांचा मलिदा मिळेल.

व्याकरणी : शब्द ‘लाटके’च ठेवावा, पण त्याला आपल्या व्याकरणात नांदवावे : ते लाटके, ती लाटकी, लाटक्याला, लाटक्यांवर. ‘धिरडे’प्रमाणे नपुंसकलिंग त्याला शोभून दिसते. यिडिश अनेकवचन ‘लाटकेस’ असले तरी ‘चार लाटकेस वाढा’ हे माझ्या कानाला सोसवत नाही.

अनुवादिका : हे मला आवडले. आणखी एक अडले आहे. परवा मी स्वतः करून पाहिले. कीस पंचात घालून पिळला, तांबूस पाणी पातेल्यात दहा मिनिटे ठेवले आणि वरचे पाणी हलकेच ओतून दिले, तर तळाशी पांढराशुभ्र थर इतका घट्ट बसला होता की तो नखाने खरवडावा लागला. हा थर पुन्हा किसात मिसळायचा असतो. त्याने लाटके धरून राहते. याला मी ‘स्टार्च’ लिहिले आहे.

जुनी किसणी : स्टार्च कशाला? तो चीक. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, वरचे पाणी काढल्यावर तळाशी काय उरते?

शुद्धमती : चीक झाडाला असतो किंवा गव्हाला. बटाट्याचे ते ‘सत्त्व’ म्हणावे.

शब्दवेल्हाळ : सत्त्व गुळवेलीचे. तळाशी बसतो तो साका.

जुनी किसणी : साका म्हणजे गाळ, तो टाकून द्यायचा असतो. अनुवादिकाताईंनी ‘साका किसात मिसळावा’ असे छापले, तर वाचणाऱ्या बायका पातेले सरळ मोरीत उपडे करतील.

अनुवादिका : ‘चीक’ लिहिते. पण अर्धा पेर तेलातल्या त्या तळण्याचे कोणी काही सांगितलेच नाही.

तर्कट : चीक विदर्भात गोड करून खातात, त्याला वेगळा शब्द आहे का?