मदत हवी आहे: गळवात एमआरएसए निघाला, शाळा घेत नाही

इंदूर, लोकमान्य नगर. मुलगा सातवीत. मांडीला गळू झालं; अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट हे अँटिबायोटिक पाच दिवस दिलं, काडीचा फरक नाही. मग चीर देऊन पू काढला, कल्चरमध्ये (पुवातले जंतू वाढवून केलेली तपासणी) एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिकांना दाद न देणारा जंतू. आता रिपोर्ट बघून दिलेलं क्लिंडामायसिन चालू आहे. ताप नाही, जखम किंचित वाहते, पण पट्टीखाली पूर्ण झाकलेली. टॉवेल वेगळा केलाय. (आजींचा हळदीचा लेप मोठ्या मुश्किलीने टाळला!)

डॉक्टर म्हणतात, वर्गात बसू दे, कबड्डी मात्र बंद. शाळेला 'पूर्ण बरा' असंच सर्टिफिकेट हवंय. कबड्डीतल्या आणखी दोघांना गळवं झालीत, मॅट तीच, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. परीक्षा तोंडावर आहे.

असं कुणाकडे झालंय का? डॉक्टरांकडून नेमकं काय लिहून घेतलंत, आणि मॅट कशाने पुसायला सांगितलीत?