मदत हवी आहे: बाबांच्या कल्चरमध्ये क्लेबसिएला जंतू, कोलिस्टिन या अँटिबायोटिकचा अनुभव कोणाला आहे का?

बाबा पुण्यात आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहेत. कल्चर रिपोर्टमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून करतात ती तपासणी) क्लेबसिएला न्यूमोनिए आला आणि मेरोपेनेम या तगड्या अँटिबायोटिकसकट जवळजवळ प्रत्येक औषधापुढे 'आर', म्हणजे रेझिस्टंट, औषध चालत नाही. जंतूत एनडीएम एन्झाइम आहे म्हणे, ते अशी औषधं निकामी करतं. कोलिस्टिन सुरू केलंय, पण ते किडनीला जड जातं आणि बाबांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) आधीच वाढलेलं. जीव टांगणीला लागलाय. नुसतं सेफ्टाझिडिम-ॲविबॅक्टम हे अँटिबायोटिक एनडीएमवर चालत नाही, सोबत ॲझट्रिओनाम हे दुसरं अँटिबायोटिक द्यावं लागतं, असं कळलं. कोणाच्या घरच्यांना हे दिलंय का? खर्च साधारण किती आला? संसर्गरोगतज्ज्ञांचं दुसरं मत कोणाकडे घ्यावं? आई रोज गाऊन-ग्लोव्हज घालून त्यांना भेटते आणि घरी तान्हं बाळ आहे. हात धुण्याशिवाय आणखी काय सांभाळायचं? कृपया लवकर सांगा.