साखरेचे रॉकेट मंद करावे, की चुलीवरून उतरवावे?

कृष्णाकाठ (सांगली)
आमच्या शाळेच्या विज्ञान मंडळातील पाच मुलांनी सोरा (पोटॅशियम नायट्रेट) आणि साखर यांचे मिश्रण भरून घरी तयार केलेली रॉकेटची मोटर, म्हणजे इंधनाची नळी, गेल्या महिन्यात मिरजेबाहेरच्या माळावर पेटवली. दोन सेकंद ती फुरफुरली आणि मग नळीच फुटली. तिचे टोपण लांबच्या बाभळीच्या खोडात रुतलेले सापडले. मुले बांधाआड बसली होती, म्हणून आज मी हे शांतपणे लिहू शकतो. मला हा प्रकार दोन दिवसांनी कळला, ही माझी चूक मी आधीच कबूल करतो.

मुलांनी नंतर माझ्यापुढे वही ठेवली. मिश्रण फार वेगाने जळते, ते मंद केले की नळी फुटणार नाही, असे त्यांचे निदान आहे. माझे मत असे की घरी प्रोपेलंट (रॉकेटचे इंधन) शिजवणे पूर्णपणे थांबवावे. ते मंद जळते की जलद, हा प्रश्न त्यानंतरचा. ज्यांना हे पटत नाही त्यांनी सविस्तर लिहावे.

यवतेश्वर (सातारा)
मास्तर, मला पटत नाही. नोकरीची सगळी वर्षे मी दाबपात्रांच्या तपासणीत घालवली, आणि जे फुटले ते बंद करून टाकायचे या वृत्तीने कोणी शहाणे झालेले मी पाहिले नाही. मात्र मुलांचे निदान अर्धेच बरोबर आहे आणि उरलेला अर्धा भाग घातक आहे.

घन प्रोपेलंटचा ज्वलनवेग ठरावीक नसतो; आतला दाब वाढला की तो वाढतो, आणि वेग वाढला की अधिक वायू तयार होऊन दाब आणखी चढतो. हे चक्र कुठे स्थिरावेल ते मिश्रणाबरोबरच जळणारे पृष्ठफळ आणि नोझलचा घसा, म्हणजे वायू बाहेर पडण्याची अरुंद वाट, यांच्या गुणोत्तरावर ठरते. समजा, दाब चौपट झाला असता वेग दुप्पट होतो, असे एखादे मिश्रण आहे. त्याचा मूळ वेग निम्मा केला तर मोटरमधला दाब चतुर्थांशावर येतो, हे ऐकायला छान वाटते. पण तेच गणित उलट्या बाजूनेही चालते: नळीत भरलेल्या मिश्रणाच्या वडीला आत तडा गेला किंवा बुडबुडे राहिले आणि जळणारे पृष्ठफळ दुप्पट झाले, तर दाब चौपट होतो. मिश्रण मंद असले तरी हा चौपटीचा गुणाकार टळत नाही. तुमच्या मुलांची नळी दोन सेकंद नीट चालून मग फुटली, यावरून मला तड्याचा किंवा घसा तुंबल्याचा संशय येतो. वेग हे मूळ कारण असते तर ती बहुधा पेटताक्षणीच गेली असती.

म्हणून माझे म्हणणे असे की हा अपघात हाच वर्गातला सर्वांत मोलाचा धडा आहे. तो कपाटात बंद करू नका.

द्राक्षमळा (तासगाव)
धडा घ्यायला कोणाचीच हरकत नाही, पण त्यासाठी फुटायला नळी हवी की मुलाचा हात, हे आधी ठरवा. आमच्या तालुक्यातले कवठे एकंद दसऱ्याच्या रात्रीच्या दारूकामासाठी ओळखले जाते. पिढ्यान्‌पिढ्या हे काम हाताखालून गेलेल्या त्या गावात 2015 च्या मे महिन्यात शोभेच्या दारूच्या कारखान्यात स्फोट झाला आणि माणसे गेली. जाणत्यांच्या गावात जे घडते ते गॅसच्या शेगडीवर पाक करणाऱ्या पोरांच्या घरात घडणार नाही, असे कोणत्या आधारावर मानायचे?

ज्या सोऱ्याला मुले खेळणे समजतात तोच आम्ही 13-0-45 या खताच्या नावाने ठिबकमधून घडांना देतो. वस्तू रोज डोळ्यांसमोर असली की तिची भीती जाते, आणि माझ्या मते खरा धोका तिथूनच सुरू होतो. कायद्याचे म्हणाल, तर 1884 च्या स्फोटके अधिनियमाच्या व्याख्येत रॉकेट हा शब्द स्पष्टपणे आलेला आहे. परवान्याशिवाय ते तयार करणे हा गुन्हा आहे. यवतेश्वर, तुमचे गणित निर्दोष आहे, पण ते मोटर पेटल्यानंतरचे आहे. शेगडीवरच्या भांड्याला ना घसा असतो ना नोझल. तिथे मंद मिश्रणही माणसाला भाजायला पुरेसे आहे.

अकरावी-विज्ञान (सांगली)
त्या पाचांपैकी मी एक आहे. सर, आम्ही न सांगता गेलो याबद्दल क्षमा मागतो. पण आम्हाला पोरखेळ करणारे समजू नये. सॉर्बिटॉल (साखरेसारखाच एक गोड पदार्थ) वापरल्यास मिश्रण साध्या साखरेपेक्षा मंद जळते, हे आम्ही वाचले होते आणि त्याचसाठी वही लिहिली होती. टिपूच्या सैन्याने लोखंडी नळ्या वापरल्या म्हणून आत जास्त दाब धरता आला आणि अग्निबाण लांब गेले, हे आम्हाला इतिहासात अभिमानाने शिकवले जाते. तोच दाब आम्ही मोजू पाहिला तर तो अपराध कसा ठरतो?

यवतेश्वर (सातारा)
बाळ, प्रश्न चांगला आहे, पण लोखंडी नळी फुटली की तिचेच तुकडे गोळ्यांसारखे उडतात, हेही त्याच धड्याचे दुसरे पान आहे. आणखी एक गोष्ट वहीत लिही. फार मंद मोटर म्हणजे कमी रेटा. उडताना रॉकेटला सुरुवातीला सरळ धरणारी मार्गदर्शक दांडी सोडताना रेटा त्याच्या वजनाच्या सुमारे पाचपट असावा, असा हौशी मंडळींचा संकेत आहे. त्याहून फार कमी असेल तर शेपटाकडच्या पंखांना हवेत पकड येण्याइतका वेग मिळत नाही, वारा रॉकेटचे नाक वळवतो आणि ते आडवे होऊन बघणाऱ्यांच्या दिशेने जाते. म्हणजे नळी वाचवण्यासाठी केलेल्या मंदपणाने धोका माळावरच्या गर्दीत नेला. त्यात साखरेचे मिश्रण हवेतली ओल ओढून घेते. आमच्या साताऱ्याच्या पावसात ठेवलेली वडी मंद जळेल खरी, पण एका कडेला एक वेग आणि दुसऱ्या कडेला दुसरा, आणि अशा मंदपणावर कोणतेही गणित बसत नाही.

द्राक्षमळा, शेगडीच्या बाबतीत मी तुमच्यापुढे हरलो. मोटरच्या बाबतीत नाही.

कृष्णाकाठ (सांगली)
यवतेश्वरांनी माझे मत निम्मे बदलले आहे. फुटलेली नळी मी फेकून देणार होतो. आता ती उभी कापून वर्गात ठेवीन आणि तडा कुठून सुरू झाला ते मुलांकडूनच शोधून घेईन. पण नवे मिश्रण शिजणार नाही, यात बदल नाही. 21 नोव्हेंबर 1963 रोजी केरळातल्या थुंब्याहून पहिले रॉकेट उडाले ते तयार आणलेले अमेरिकी नाइके-अपाची होते. आपण स्वतः बनवलेले आरएच-75 हे रॉकेट उडाले 1967 साली. दुसऱ्याच्या मोटरवर सुरुवात करण्यात त्या शास्त्रज्ञांना कमीपणा वाटला नाही. आम्ही पाण्याच्या बाटलीचे रॉकेट आणि सायकलचा पंप घेऊन सुरुवात करू. त्यातही दाब आहे, घसा आहे आणि रेटाही मोजता येतो.

द्राक्षमळा (तासगाव)
बाटलीसुद्धा फुटते, मास्तर. पंपावर दाबमापक लावा आणि मुलांना लांब उभे करा. बाकी माझी तक्रार नाही.

अकरावी-विज्ञान (सांगली)
पाण्याचे रॉकेट आम्ही आठवीतच उडवले होते, सर. तरीही येऊ. फक्त नळी कापताना आम्हाला बोलवा, आणि वही परत द्या. तिच्यात पृष्ठफळाचे गणित आम्ही केलेलेच नाही.